वेबसाइट 'छान' आहे, पण तिच्यावर आपलं गाव सापडतं का?

उदगीर भागातल्या काही निवृत्त शिक्षकांनी आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून आपल्या परिसराच्या इतिहासाची वेबसाइट केली आहे. जुने फोटो, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणाऱ्या मुलाखती, मोडी आणि उर्दू कागद, वाडे, वेशी, बारवा यांच्या नोंदी असं बरंच काही तिच्यावर आहे. लोकांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला तेव्हा जवळपास सगळ्यांनी 'खूप छान' वर खूण केली. आकडे पाहिले तर मात्र बहुतेक जण मिनिटभरात निघून जातात. त्यांचा प्रश्न असा: हाताशी पैसा नाही, बाहेरची कंपनी लावणं शक्य नाही, तर वेबसाइट वापरायला सोपी आहे की नाही हे आपलं आपण कसं तपासावं?

सर, तो फॉर्म आधी बाजूला ठेवा. ज्यांनी आपल्याला किंवा आपल्या लेकरांना शिकवलं त्यांनी खपून काहीतरी उभं केलंय आणि 'कसं वाटलं?' असं विचारलंय, तर आपल्याकडचा माणूस 'छान' हेच म्हणणार. तो खोटं बोलत नाही, तुमच्या कष्टांना मान देतो. पण त्यातून वेबसाइटबद्दल काही कळत नाही. वापरसुलभतेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आयएसओ ९२४१-११ या मानकातली, ती तीन गोष्टी विचारते: माणूस ज्या कामासाठी आला ते झालं का, त्याला त्यासाठी किती वेळ आणि कष्ट पडले, आणि त्याचं समाधान झालं का. तुम्ही तिसरी तेवढी विचारलीत, पहिल्या दोन राहून गेल्या.

म्हणून सुरुवात 'काम' ठरवण्यापासून करायची. वीजबिल भरायच्या वेबसाइटवर माणूस कशाला येतो हे सांगावं लागत नाही. इतिहासाच्या वेबसाइटबद्दल बनवणाऱ्यांना वाटतं की लोक इतिहास वाचायला येतील. मी इतकी वर्षं जे पाहत आलोय ते वेगळं आहे. लोक आधी आपलं काहीतरी शोधायला येतात. आजोबांचं नाव, आजोळचं गाव, आपली गल्ली, पाडलेली वेस, बुजवलेली बारव. ते सापडलं की मग बाकीचं वाचतात, तासभर रमतात. ते नाही सापडलं, तर उदगीरच्या १७६० च्या लढाईवर तुम्ही कितीही चांगला लेख लिहिलेला असो, तिकडे कुणी वळत नाही. तेव्हा सगळी तपासणी एकाच प्रश्नाभोवती बांधा: आलेल्या माणसाला त्याचं माणूस, त्याचं गाव सापडतं का?

पद्धत साधी आहे. माणसाला त्याच्याच मोबाइलवर एक काम द्यायचं, आणि शेजारी बसून गप्प राहून बघायचं. अवघड आहे ते गप्प राहणं, शिक्षकांना तर फारच. समोरचा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतोय हे दिसलं की 'अहो, तिथं नाही, वर बघा' असं तोंडातून निघतंच. ते एकदा निघालं की त्या कामाची तपासणी संपली, कारण घरी तो एकटा असेल तेव्हा वर बघायला सांगणारं कुणी नसतं. त्याने 'इथं दाबू का?' असं विचारलं तर 'तुम्हाला काय वाटतं, दाबल्यावर काय होईल?' एवढंच विचारा आणि थांबा. दोघं जण जा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं वहीत लिहायचं: कुठं थांबला, काय पुटपुटला, कुठून मागं फिरला. त्यांची परवानगी असेल तर मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करून घ्या. आणि सुरुवातीलाच मोकळेपणानं सांगा, 'आबा, परीक्षा तुमची नाही, आमच्या वेबसाइटची आहे. तुम्ही अडलात तर चूक आमची.'

वयस्कर माणसं अशा वेळी बोलत नाहीत, ही नेहमीची अडचण. पुस्तकात लिहिलेलं असतं की वापरणाऱ्याला मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा. आपल्याकडचे आजोबा सरांसमोर तसं बोलणार नाहीत. त्यावर माझा उपाय म्हणजे जोडी. आज्जी आणि नात, आबा आणि नातू. घराघरात तसंही असंच चालतं: मोबाइल नातीच्या हातात, आठवणी आज्जीच्या डोक्यात. दोघी एकमेकींशी बोलतात आणि जे तुम्हाला ऐकायचं असतं ते आपोआप कानावर पडतं.

अशाच एका जोडीचं सांगतो, दुसऱ्या एका गावातलं. आज्जींना त्यांच्या थोरल्या भावाचं नाव स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत बघायचं होतं. नातीनं यादी उघडली. ती स्कॅन केलेली पीडीएफ होती, आडनावाच्या क्रमानं लावलेली. नातीनं विचारलं, 'आज्जी, आडनाव काय त्यांचं?' आज्जी म्हणाल्या, 'अण्णाच म्हणायचे की सगळे.' मग आठवून आठवून त्यांनी गावाचं नाव लावून होणारं आडनाव सांगितलं. यादीत मात्र ते 'पाटील' या आडनावाखाली होते. नातीनं दोन बोटांनी पान मोठं केलं, सरकवलं, पुन्हा लहान केलं. एक पान आडवं स्कॅन झालेलं होतं, ते तिनं मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला आणि पुढं गेली. नाव त्याच पानावर होतं. दोघींनी शेवटी मोबाइल खाली ठेवला, आणि आज्जी आम्हाला म्हणाल्या, 'चांगलं केलंय बरं का पोरांनो.' त्या घरी तुमचा फॉर्म दिला असता तर तोही 'खूप छान' म्हणूनच भरून आला असता.

त्या यादीत माहितीची कमतरता नव्हती. माणूस ज्या खुणेनं शोधतो ती खूण यादीत नव्हती. घरात हाक मारायचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि आडनावाची दुसरी रूपं, या चार गोष्टी प्रत्येक माणसाच्या नोंदीत टाइप केलेल्या असल्या पाहिजेत. स्कॅन मूळ पुरावा म्हणून सोबत ठेवा, पण शोध त्याच्यावर अवलंबून ठेवू नका.

गावांच्या बाबतीत तुमचा प्रश्न याहून मोठा आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके निजामाच्या काळात बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात गेले. म्हणजे १९४५ साली उदगिरात जन्मलेल्या माणसानं घर न बदलता तीन जिल्हे पाहिले. आता उस्मानाबादचं धाराशिव झालंय. पूर्वीच्या उदगीर तालुक्यातली बरीच गावं आज देवणी आणि जळकोट तालुक्यांत आहेत. तुमच्या वेबसाइटवर 'जिल्हा निवडा', 'तालुका निवडा' अशी यादी असेल तर ती कोणत्या सालची आहे? कागदावर जिल्हा बीदर लिहिलंय म्हणून तुम्ही ते बीदरखाली टाकलं असेल, तर देवणीचा आजचा मुलगा तिथं कधीच पोचणार नाही. लातूरखाली टाकलं असेल, तर बीदरच्या जुन्या नोंदी हुडकणाऱ्या अभ्यासकाला ते दिसणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: गाव हाच मुख्य धागा ठेवा, जिल्हा आणि तालुका नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या. एका गावाला तीन जिल्ह्यांच्या पट्ट्या लागल्या तरी काही बिघडत नाही.

सनांचंही तसंच. जुन्या कागदांवर फसली सन असतो, म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारी महसुली कालगणना. त्यात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो, म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चं साल. नोंदीत दोन्ही लिहा. शोधणारा '१९४८' टाकेल, '१३५७' टाकणारा क्वचितच.

आता शोधपेटी. तपासणीचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरघोस भाग हाच आहे. तुमच्या वेबसाइटवर हे शब्द एकेक करून टाकून बघा: रझाकार, रजाकार. निजाम, निझाम. मुक्तिसंग्राम, मुक्तीसंग्राम, मुक्ती संग्राम. हैदराबाद, हैद्राबाद. हिप्परगा, हिपरगा. प्रत्येक जोडीला तेच निकाल येतात का? बहुतेक वेबसाइटवर येत नाहीत. तुमच्याकडे लेख 'रझाकार' असा असेल आणि आलेल्यानं 'रजाकार' लिहिलं, तर उत्तर येतं 'काहीही सापडलं नाही', आणि माणसाचा समज होतो की यांच्याकडे त्याबद्दल काहीच नाही. आकड्यांचंही बघा. मोबाइलच्या कीबोर्डवर बहुतेकांचे अंक इंग्रजी उमटतात, तुमच्या लेखात ते देवनागरी असतील तर सालावरून काही सापडणार नाही. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं. डोळ्यांना एकच दिसतं, शोधपेटीला दोन वेगळी वाटतात. आणि कितीतरी लोक गावाचं नाव सरळ इंग्रजी अक्षरांत लिहितात, कारण मराठी कीबोर्ड चालू करणं त्यांना त्रासाचं वाटतं. काही जण बोलून टाइप करतात, तेव्हा आडनाव तिसरंच उमटतं.

यावर तुमच्या कॉलेजच्या मुलांना दोन कामं सांगा. पहिलं, शोधताना ऱ्हस्व-दीर्घ, ज आणि झ, देवनागरी आणि इंग्रजी अंक यांत फरक करायचा नाही अशी सोय करायची. त्यामुळे दोन-चार नको असलेले निकाल जास्त येतील, ते चालेल. शून्य निकाल येणं त्याहून कितीतरी वाईट. दुसरं, पर्यायी नावांचा एक साधा तक्ता ठेवायचा: एका रकान्यात गाव, शेजारी त्याची जुनी, बोलीतली, कानडी, उर्दू कागदांतली आणि इंग्रजी अक्षरांतली रूपं. हा तक्ता प्रोग्रॅमरचं काम नाही, ते तुमचंच काम आहे आणि तुमच्याइतकं चांगलं ते कुणालाच जमणार नाही. सोबत, शोधपेटीत लोकांनी काय टाकलं आणि कशाला शून्य निकाल आले याची नोंद आपोआप होईल असं करून घ्या. महिन्याकाठी ती यादी वाचत चला. मी कुठल्याही वेबसाइटचं काम हाती घेतलं की पहिल्यांदा हीच मागतो, कारण तिच्यात लोक स्वतःहून सांगत असतात की ते काय शोधायला आले होते.

माणसं कोणती घ्यायची, हा पुढचा प्रश्न. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं एक गणित या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. एका माणसाच्या तपासणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असं धरलं, तर पाच माणसांत सुमारे ८५ टक्के सापडतात. त्यावरून 'पाच माणसं पुरे' असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण एकाच तऱ्हेच्या पाच माणसांपुरतं. तुमच्याकडे येणारे एका तऱ्हेचे नाहीत. गावातले म्हातारे आहेत, पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला गेलेली त्यांची मुलं आहेत, शाळेच्या प्रकल्पासाठी येणारी पोरं आहेत, एखाद-दुसरा अभ्यासक आहे. प्रत्येक गटातून चार-पाच घ्या, पण सगळे एकदम नकोत. आधी थोड्यांना बसवा, दिसलेल्या चुका दुरुस्त करा, मग पुढचे बसवा. ज्या चुकीनं पहिले तिघं अडले, तीच चूक ठेवून आणखी दहा जणांना अडवण्यात काही अर्थ नाही.

आणि गट ठरवताना आपल्या ओळखीच्या घरांतच फिरू नका, हे मी कळकळीनं सांगतो. उदगीर सीमेवरचं गाव आहे, मराठी, कानडी, उर्दू तिन्ही तिथं नांदतात. मुस्लिम मोहल्ल्यातलं एखादं घर, दलित वस्तीतलं, तांड्यावरचं, कानडी बोलणारं, यांतलं प्रत्येक तुमच्या तपासणीत असलं पाहिजे. त्यांना 'तुमच्या घराचं, तुमच्या वस्तीचं काही सापडतं का बघा' हे काम दिलं आणि काहीच सापडलं नाही, तर ती त्रुटी बटणाच्या रंगात नाही, संग्रहात आहे. वेबसाइटची तपासणी करताना ती सापडली तर तिला यादीत सगळ्यांत वर लिहा.

कामं सांगताना एक पथ्य पाळा: मेनूतला शब्द कामात येऊ देऊ नका. मेनूत 'मुलाखती' असं असेल आणि तुम्ही 'एक मुलाखत ऐका' म्हणालात, तर तो फक्त शब्द जुळवून बोट ठेवेल. त्याऐवजी म्हणा, 'निजाम शरण आला त्या सुमाराला आपल्या भागात काय झालं, हे पाहिलेल्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय.' आणखी काही कामं मी तुमच्यासाठी अशी ठरवीन: तुमच्या गल्लीचा जुना फोटो शोधा. तो पुण्याच्या मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटोखाली एक नाव चुकलंय असं समजा, ते वेबसाइटवाल्यांना कळवा. शाळेच्या वहीत लिहायचंय, तर ही माहिती कुठून आली ते सांगा. कामं चार-पाचच ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात उरकतील इतकी. त्यापुढं माणूस थकतो, मग चुका वेबसाइटच्या आहेत की थकव्याच्या, हे कळत नाही.

मेनूतल्या नावांची वेगळी तपासणी कागदावर होते, त्यासाठी वेबसाइटही लागत नाही. इतिहासाच्या वेबसाइटवर दालनांना 'स्मृतिगंध', 'ऐवज', 'पाऊलखुणा' अशी नावं द्यायचा मोह होतो. नावं सुंदर आहेत, पण आत काय आहे ते सांगत नाहीत. तुमच्या मेनूतली नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि पाच-सात जणांना विचारा, 'वेशीचा फोटो यातल्या कशात असेल?' चिठ्ठीवर बोट ठेवायला लागलेला वेळच उत्तर देतो. 'फोटो', 'माणसं', 'गावं', 'ऐका', 'कागदपत्रं' अशी सरळ नावं दिली की निम्मी गडबड मिटते.

तुम्ही म्हणता लोक मिनिटभरात निघून जातात. त्या आकड्यानं लगेच घाबरू नका, आधी बघा की ते येतात कुठून. माझा अंदाज आहे की बरेचसे व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून येत असतील. तो माणूस तुमच्या मुखपृष्ठावर येतच नाही. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी एका फोटोची लिंक टाकलेली असते, तो थेट त्या फोटोच्या पानावर उतरतो, फोटो बघतो आणि परत ग्रुपवर जातो. त्याचं काम झालेलं आहे, ते अपयश नव्हे. पण त्याला पुढं थांबवायची संधी तिथंच आहे. म्हणून तपासणीची काही कामं मुखपृष्ठावरून सुरूच करू नका. माणसाच्या मोबाइलवर एका आतल्या पानाची लिंक पाठवा आणि ती उघडल्यावर विचारा: ही वेबसाइट कुणाची आहे? हा फोटो कोणत्या गावचा, कधीचा? याच गावाचं आणखी काही आहे का, आणि असलं तर कुठं बोट ठेवाल? या तीन प्रश्नांची उत्तरं पानावरच मिळाली पाहिजेत. प्रत्येक फोटोखाली 'या गावाचं आणखी' एवढी एक ओळ टाकली, तर मुखपृष्ठ नव्यानं सजवण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

मुलाखतींकडे थोडं जास्त लक्ष द्या, कारण तुमच्याकडचा सगळ्यांत मोलाचा ऐवज तोच आहे आणि सगळ्यांत कमी ऐकला जाणाराही तोच असणार. पाऊण तासाची मुलाखत एकाच फाइलीत टाकलेली असते. ऐकणाऱ्याला त्यात आपल्या गावाचा उल्लेख कुठं येतो ते कळत नाही. मधेच रेंज जाते, पुन्हा लावलं की पहिल्यापासून सुरू. फाइलचं वजनही बघा. ४८ मिनिटांचं ध्वनिमुद्रण १२८ केबीपीएसला (दर सेकंदाला किती माहिती साठवायची त्याचं हे माप) ठेवलं तर सुमारे ४६ एमबी होतं, ३२ केबीपीएस मोनोला साडेअकरा एमबी. बोलणं ऐकायला दुसरं पुरेसं असतं. मूळ उत्तम प्रत तुमच्याकडे जपून ठेवा, वेबसाइटवर हलकी चढवा. मुलाखतीचे तीन ते पाच मिनिटांचे तुकडे करा, प्रत्येकाला मथळा द्या, त्यात कोणत्या गावांची आणि माणसांची नावं येतात ते खाली लिहा. पूर्ण मजकूर उतरवून काढता आला तर फारच चांगलं, पण तो होईपर्यंत नावं तरी हवीतच, म्हणजे शोधपेटीला सापडतील. फोटोंचंही असंच: मोठी स्कॅन प्रत आपल्याकडे, पानावर दोन-तीनशे केबीची.

बाकीच्या गोष्टी घरबसल्या तपासता येतात. तुमच्या एखाद्या लेखातलं वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठीऐवजी भलतीच अक्षरं आली, तर तो मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो गूगलला सापडणार नाही, अंध माणसाच्या मोबाइलला वाचून दाखवता येणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. मोबाइल घेऊन भर दुपारी अंगणात उभे राहा आणि बघा वाचता येतं का. जुनेपणा दाखवायला पिवळट पार्श्वभूमीवर तपकिरी अक्षरं ठेवलेली असतात, ती उन्हात नाहीशी होतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा जागतिक निकष आहे, तो मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. आणि ओळींमध्ये जागा मोकळी ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.

वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे जोखायचे नील्सन यांचे १९९४ चे दहा निकष घेऊन एकदा स्वतः सगळी पानं चाळून घ्या, पण लोकांना बसवण्याच्या आधी. ढोबळ चुका तुम्हालाच दिसल्या तर लोकांचा वेळ खऱ्या अडचणींवर खर्च होतो. जॉन ब्रूक यांची १९८६ ची, वापरायला किती सोपं वाटलं हे विचारणारी दहा विधानांची एसयूएस प्रश्नावलीही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. तिच्यात शंभरपैकी गुण निघतात आणि ६८ च्या आसपास सरासरी धरतात. मोठ्या प्रकल्पात, जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहायला ती चांगली आहे. तुमच्यासारख्या छोट्या कामात मी ती वापरणार नाही. एक आड एक उलट विधानं वाचताना आपल्या वयस्कर लोकांचा गोंधळ होतो, आणि सरांचा मान राखायची सवय तिथंही आडवी येते.

जे सापडेल त्याला शून्य ते चार असे गुण द्या. शून्य म्हणजे अडचणच नाही, चार म्हणजे माणूस काम सोडून उठला. दुरुस्तीचा क्रम त्यावरून लावा. बनवणाऱ्या मुलांना सोपं वाटतं ते आधी करायचा कल असतो, रंग, चित्रं, मुखपृष्ठ. तसं होऊ देऊ नका, चारांपासून खाली या.

एक गोष्ट इतर कुठल्या वेबसाइटच्या तपासणीत येत नाही, तुमच्या कामात येणारच. १९४८ चा काळ आपल्या भागात अजून जिवंत दुखणं आहे. रझाकारांच्या अत्याचारात माणसं गेलेली घरं आहेत. भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थानावर केलेल्या 'पोलीस कारवाई'नंतर ज्या मुसलमान घरांनी भोगलं तीही आहेत. केंद्र सरकारनं त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं होतं. अशा घरातला कुणी तुमच्यासमोर बसून फोटो शोधत असताना अचानक वडिलांचं नाव समोर येतं आणि त्याचा आवाज बंद होतो. तिथं तपासणी थांबवा. वही मिटवा, मोबाइल बाजूला ठेवू द्या, ते बोलतील ते ऐका. पुढचं काम दिलं नाही तरी चालेल. ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीशिवाय वेबसाइटवर जाणार नाही, हेही त्यांना तिथंच सांगा. आणि नंतर एक बघा: तो फोटो किंवा ते नाव कोणतीही पूर्वसूचना न देता पानावर येत होतं का? मारल्या गेलेल्यांच्या याद्या, जखमींची छायाचित्रं यांच्या आधी एक ओळ असावी, आणि पुढं जायचं की नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

शेवटी, चूक कळवण्याची सोय. ज्यांना आपलं माणूस सापडतं ते लगेच दुसरं सांगतात: 'हे नाव चुकलंय', 'हे आमचे काका नाहीत, शेजारचे आहेत', 'यांचा अजून एक फोटो आमच्याकडे आहे'. तुमच्या वेबसाइटवर त्यासाठी ईमेल, पासवर्ड, नोंदणी लागत असेल तर ते सगळं तिथंच हरवतं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'यात काही चुकलंय का? सांगा' असं एक बटण ठेवा, ते दाबलं की तुमच्या गटाच्या व्हॉट्सॲप नंबरवर त्या पानाच्या लिंकसह संदेश तयार व्हावा. नंबर गटाचा असावा, कुणा एकाचा खासगी नको. आलेल्या संदेशाला उत्तर कोण देणार हे आधी ठरवा, आणि दुरुस्ती झाली की सांगणाऱ्याला कळवा. तपासणीत हे कामही पूर्ण करून बघा: माणसानं चूक कळवली, पुढं ती कुणापर्यंत पोचली, किती दिवसांत सुधारली?

वेळेचं म्हणाल तर पहिली फेरी मृगाच्या आधी उरका, पेरण्या सुरू झाल्या की अर्धा तास बसायला कुणाला सवड नसते. दुरुस्त्या पावसाळ्यात करा. दुसरी फेरी पोळ्याच्या सुमारास घ्या, बाहेरगावी असलेली माणसंही तेव्हा गावाकडे येतात. त्यानंतर १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. शाळांतून भाषणं होतील, ग्रुपवर लिंका फिरतील आणि वर्षातली सगळ्यांत जास्त गर्दी तुमच्याकडे त्या दिवशी येईल. त्याच्या आदल्या आठवड्यात वेबसाइटवर नवं काही चढवू नका. आणि अठरा तारखेला सकाळी, शून्य निकाल आलेल्या शब्दांची यादी काढून सगळे मिळून वाचायला बसा.